करंट वाहणाऱ्या कॉइलचं चुंबकीय क्षेत्र कसं काढायचं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रॅक्टिकल परीक्षा जवळ आली की बारावीची आणि फर्स्ट इयर बीएस्सीची मुलं दरवर्षी हेच प्रश्न घेऊन येतात, म्हणून एकदाच बसून सगळं लिहून काढलंय. खाली जवळजवळ सगळीकडे एकच कॉइल धरलीय: ५० वेढे, १० सेमी त्रिज्या, ०.१ अँपिअर करंट. कॉइल एकच असली की एका उत्तरातला आकडा दुसऱ्या उत्तराशी ताडून बघता येतो, आणि मला वाटतं विषय कळतो तो असाच, नुसता फॉर्म्युला पाठ करून नाही.

केंद्रावरचा फॉर्म्युला काय आहे?

क्षेत्र = म्यू नॉट × वेढे × करंट ÷ (२ × त्रिज्या)

म्यू नॉट हा निर्वाताचा चुंबकीय स्थिरांक, म्हणजे ४ पाय (π) गुणिले १० चा उणे ७ वा घात. या उणे घातातच निम्म्या मुलांची गणितं चुकतात, म्हणून मी एक सोपा आकडा लक्षात ठेवायला सांगते: ६२.८. वेढे गुणिले अँपिअर करा, त्याला ६२.८ ने गुणा आणि सेंटीमीटरमधल्या त्रिज्येने भागा, उत्तर थेट मायक्रोटेस्लामध्ये येतं. आपल्या कॉइलचं: ५० × ०.१ = ५, गुणिले ६२.८ म्हणजे ३१४, भागिले १० म्हणजे ३१.४ मायक्रोटेस्ला. कुणी गॉसमध्ये मागितलं तर १०० मायक्रोटेस्लाचा १ गॉस होतो, म्हणजे ०.३१४ गॉस.

एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा, की हा फॉर्म्युला फक्त एका बिंदूचा आहे, बरोब्बर मध्याचा. कॉइलच्या आत सगळीकडे एवढंच क्षेत्र असतं असं कुणी सांगितलं तर ते चूक आहे, किती चूक ते शेवटच्या प्रश्नात येईल.

सरळ तारेच्या फॉर्म्युल्यात पाय असतो, इथे नाही, असं का?

हा प्रश्न विचारणारं मूल मला फार आवडतं कारण ते खरंच विचार करत असतं. १८२० मध्ये कोपनहेगनला ओर्स्टेडला दिसलं की तारेतून करंट गेला की शेजारची चुंबकसुई हलते, आणि त्याच वर्षी पॅरिसमध्ये बायो आणि सावर्ट यांनी ती नेमकी किती हलते ते मोजायला घेतलं. त्यांच्या नावाचा नियम आपण आज असा वापरतो की तारेचा एक बारीक तुकडा घ्यायचा, त्याचं क्षेत्र म्हणजे म्यू नॉट भागिले ४ पाय, गुणिले करंट, गुणिले तुकड्याची लांबी, गुणिले कोनाचा साइन (तुकडा आणि तिथून आपल्या बिंदूकडे जाणारी रेषा यांच्यातला कोन), भागिले अंतराचा वर्ग.

आता गोल वेढ्याच्या मध्यावर बसून बघा. प्रत्येक तुकडा तुमच्यापासून सारख्याच अंतरावर आहे, त्रिज्येएवढ्या. प्रत्येकाशी कोन ९० अंशाचा आहे, म्हणजे साइन १. आणि सगळ्यांची क्षेत्रं एकाच दिशेला आहेत. मग इंटिग्रेशन म्हणजे नुसती लांब्यांची बेरीज, ती आली परिघाएवढी, २ पाय त्रिज्या. वरचा २ पाय आणि खालचा ४ पाय कटाप झाले, खाली २ उरला, पाय गेला. सरळ तारेत असं होत नाही, तुकडे लांब लांब जातात आणि कोनही बदलत जातो, म्हणून तिथे म्यू नॉट करंट भागिले २ पाय अंतर राहतं. हे दोन फॉर्म्युले एकमेकांच्या जागी लिहिणं ही पेपरातली सगळ्यात कॉमन चूक आहे आणि उत्तर तीन पटीहून जास्त चुकतं.

त्रिज्या नेमकी कुठून कुठे मोजायची?

वेढ्यांचा थर जाड असतो, तर आतली आणि बाहेरची त्रिज्या मोजून सरासरी घ्या. आतली कळत नसेल (बहुतेक वेळा फ्रेममुळे कळतच नाही) तर दोरा गुंडाळून परीघ मोजा आणि ६.२८ ने भागा.

एका मुलीचं उत्तर दर वेळी बरोब्बर निम्मं यायचं. तिने मीटर बदलला, बॅटरी बदलली, कॉइल बदलली, तरी निम्मंच. शेवटी वही बघितली तर पट्टीने मोजलेला व्यास तसाच त्रिज्येच्या जागी घातलेला. उत्तर अगदी निम्मं किंवा अगदी दुप्पट आलं की उपकरणाला हात लावायच्या आधी ही जागा तपासा.

अक्षावर पुढे सरकलो तर क्षेत्र किती राहतं?

क्षेत्र = म्यू नॉट × वेढे × करंट × त्रिज्येचा वर्ग ÷ [२ × (त्रिज्येचा वर्ग + अंतराचा वर्ग) चा दीड घात]

दीड घात म्हणजे कंसातल्या संख्येला तिच्याच वर्गमुळाने गुणायचं. कॅल्क्युलेटरवर कंस विसरला की सगळं गेलं. आपल्या कॉइलचे आकडे: मध्यावर ३१.४, मध्यापासून ५ सेमीवर २२.५, १० सेमीवर ११.१ आणि २० सेमीवर फक्त २.८ मायक्रोटेस्ला. म्हणजे त्रिज्येएवढं लांब गेलं की जवळजवळ एक तृतीयांश उरतं, आणि दुप्पट गेलं की अकराव्या हिश्शाच्या आसपास. अजून लांब गेलात तर अंतराच्या घनाच्या प्रमाणात पडतं, बार मॅग्नेटसारखंच, कारण लांबून बघितलं तर कॉइल म्हणजे एक छोटा मॅग्नेटच.

मध्याजवळ मात्र ते हळू पडतं. अक्षावर १ सेमी सरकलात तर दीड टक्काच कमी होतं. म्हणून तर मध्यावर सुई ठेवून मोजता येतं, आणि म्हणूनच सुई छोटी हवी.

दिशा कशी ओळखायची?

उजव्या हाताची बोटं करंटच्या दिशेने वळवा, अंगठा जिकडे तिकडे क्षेत्र. दहावीत शिकलेलंच आहे. समोरून बघताना करंट घड्याळाच्या उलटा फिरत असेल तर तो चेहरा उत्तर ध्रुव, घड्याळासारखा असेल तर दक्षिण.

हे क्षेत्र लॅबमध्ये मोजायचं कसं, टॅन थीटा कुठून येतो?

पृथ्वीचं क्षेत्र फुकट मिळतं, त्याच्याशी तुलना करायची. कॉइल उभी ठेवायची आणि ती फिरवून तिचं प्रतल सुईच्या रेषेत आणायचं, म्हणजे उत्तर-दक्षिण. आता करंट सोडला की कॉइलचं क्षेत्र पूर्व-पश्चिम येतं, पृथ्वीच्या क्षेत्राच्या आडव्या घटकाला (जमिनीला समांतर भागाला) काटकोनात. सुई दोघांच्या मधे कुठेतरी थांबते आणि त्या कोनाचा टॅन म्हणजे कॉइलचं क्षेत्र भागिले पृथ्वीचा आडवा घटक.

आपल्याकडे कोकणपट्टीत, अलिबागला, हा आडवा घटक ३८ मायक्रोटेस्लाच्या आसपास आहे. आपल्या कॉइलचं गणित करून बघा: ३१.४ भागिले ३८ म्हणजे ०.८२६, कोन साडेएकोणचाळीस अंश. कॉइलपासून ५ सेमीवर साडेतीस अंश, १० सेमीवर सव्वासोळा, २० सेमीवर जेमतेम सव्वाचार. लंडनला राहणाऱ्या कुणी हाच प्रयोग केला तर तिथे आडवा घटक इथल्या साधारण निम्माच आहे, त्यामुळे तीच कॉइल आणि तोच करंट असूनही सुई जवळजवळ ५८-५९ अंश वळेल.

अलिबागचं नाव मी मुद्दाम घेते. चुंबकीय नोंदी आधी मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत व्हायच्या, सप्टेंबर १८५९ मधलं प्रचंड चुंबकीय वादळ तिथल्या नोंदीत सापडतं. मग शहरात घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या ट्राम यायचं ठरलं, आणि वेधशाळा चालवणाऱ्या नानाभाई मूस यांच्यापुढे प्रश्न आला की आता इथल्या सुया खरं सांगणार नाहीत. वरच्या तारेतून जाणारा आणि खालच्या रुळांतून, थोडा जमिनीतूनही, परत येणारा करंट म्हणजे शहरभर पसरलेला एक भलामोठा वेढाच की. म्हणून १९०४ मध्ये अलिबागला नवीन चुंबकीय वेधशाळा उभी राहिली आणि ती आजही चालू आहे. टेबलावरच्या कॉइलने सुई हलते आणि ट्राममुळे वेधशाळा हलते, दोन्हीमागे नियम तोच.

कोन ४५ च्या आसपास ठेवा असं का सांगतात?

काटा वाचताना अर्ध्या अंशाची चूक कुणाचीही होते. ती चूक ४५ अंशाजवळ उत्तराला सगळ्यात कमी बिघडवते. ३० ते ६० च्या मधे राहिलात तरी चालतं. ८० च्या पुढे गेलात तर टॅन इतक्या झपाट्याने वाढतो की एका अंशात उत्तर १० टक्क्यांच्या वर बदलतं. आपल्या कॉइलला ४५ अंश हवे असतील तर करंट ०.१२ अँपिअर ठेवा.

दोन टोकांची रीडिंग वेगवेगळी येतात, उपकरण खराब आहे का?

नाही. सुईचा पिव्हट गोल पट्टीच्या अगदी मध्यावर नसतो, म्हणून एक टोक ३९ दाखवतं आणि दुसरं ४१. दोन्ही लिहा. मग कम्युटेटर (करंटची दिशा बदलणारी कळ) फिरवून करंट उलटा करा, पुन्हा दोन्ही लिहा. चौघांची सरासरी घेतली की पिव्हटची चूक आणि कॉइल किंचित तिरकी लागल्याची चूक बरीचशी जाते. काट्याखालच्या आरशात काट्याचं प्रतिबिंब काट्याच्या मागे पूर्ण लपेल असा एक डोळा धरून वाचायचं, आणि वाचायच्या आधी काचेवर बोटाने हळूच टिचकी मारायची, सुई अडकलेली असेल तर सुटते.

उलट केल्यावर फरक ४-५ अंशांचा असेल तर मात्र आजूबाजूला लोखंड शोधा. एका वर्षी आमच्या एका टेबलावर कुणाचंच रीडिंग जुळेना, डावीकडे ४६ आणि उजवीकडे ३४, आणि दोन बॅचेस झाल्यावर कुणीतरी खालचा ड्रॉवर उघडला तर आत बार मॅग्नेटचा अख्खा डबा. खिशातला मोबाइल, कडं, स्टीलचं स्टूल, शेजारच्या टेबलावरचा ऱ्हिओस्टॅट, हे सगळं लांब ठेवायचं. कॉइलकडे जाणाऱ्या दोन वायरींना एकमेकींभोवती पीळ द्या, म्हणजे जाणारा आणि येणारा करंट एकमेकांचं क्षेत्र खोडतो.

वेढे वाढवले की क्षेत्र वाढतं ना?

फॉर्म्युल्यात वेढे वर आहेत म्हणून सगळे हो म्हणतात, पण थांबा. करंट तोच ठेवलात तर हो. बॅटरी तीच ठेवलीत तर नाही.

२६ गेजची इनॅमलची तांब्याची तार घ्या, वायंडिंगवाल्याकडे वजनावर मिळते, जाडी साधारण ०.४६ मिमी. आपल्या ५० वेढ्यांना ३१.४ मीटर लागते आणि रेझिस्टन्स ३.३ ओहमच्या आसपास येतो. दीड व्होल्टचा सेल लावला (सेलचा आतला रेझिस्टन्स सोडून देऊ) तर ०.४५ अँपिअर, म्हणजे वेढे गुणिले करंट साधारण २३. आता १०० वेढे घाला. तार दुप्पट, रेझिस्टन्स दुप्पट, करंट निम्मा, गुणाकार परत २३. क्षेत्र तसूभरही वाढलं नाही! फायदा एवढाच की करंट निम्मा झाल्याने सेल कमी खर्च होतो आणि कॉइल कमी तापते. त्याच बॅटरीवर जास्त क्षेत्र हवं असेल तर जाड तार घ्या किंवा त्रिज्या कमी करा. त्रिज्या कमी केली की दुहेरी फायदा, एक तर फॉर्म्युल्यात ती खाली आहे आणि शिवाय प्रत्येक वेढ्याला तार कमी लागते, त्यामुळे त्रिज्या निम्मी केली तर क्षेत्र चौपट होतं.

सायन्स एक्झिबिशनसाठी कॉइल गुंडाळत बसलेल्या मुलांना हे आधी कुणी सांगत नाही, आणि ती बिचारी रात्रभर वेढे घालत बसतात. त्यांनी आधी वहीत पाच ओळींचं गणित करावं असं मला मनापासून वाटतं.

नालकुंतल, म्हणजे सॉलेनॉइड असेल तर?

लांब असेल तर आतलं क्षेत्र = म्यू नॉट × एक मीटरमधले वेढे × करंट. सोपा आकडा: १२५.७ गुणिले वेढे गुणिले अँपिअर, भागिले सेंटीमीटरमधली लांबी. ४ सेमी व्यासाच्या पीव्हीसी पाइपवर २० सेमी लांबीत २६ गेजचे ४०० वेढे एका थरात जेमतेम बसतात. अर्धा अँपिअर सोडला तर १२५७ मायक्रोटेस्ला.

पण हे "लांब" म्हणजे किती? मध्यावरचं खरं उत्तर हवं असेल तर लांबीच्या जागी (लांबीचा वर्ग + व्यासाचा वर्ग) याचं वर्गमूळ घाला. इथे २० च्या जागी २०.४ येतं, फरक २ टक्के, सोडून दिला तरी चालेल. तोच पाइप ५ सेमीच गुंडाळला तर ५ च्या जागी ६.४ येतं आणि साधा फॉर्म्युला उत्तर २८ टक्के फुगवून सांगतो. टोकावर मात्र लांब नालकुंतलाचं क्षेत्र मध्याच्या निम्मं असतं.

आत लोखंडी खिळा घातला तर म्यू आरने गुणायचं का?

नुसतं गुणू नका. पुस्तकात मऊ लोखंडाचा म्यू आर (सापेक्ष पारगम्यता) हजारांत दिलेला असतो आणि मुलं सरळ हजाराने गुणून मोकळी होतात. आखूड दांड्याला स्वतःच्या टोकांवरचे ध्रुव उलटं ओढतात, त्यामुळे जाडीच्या दहापट लांब असलेल्या दांड्यात, लोखंड कितीही चांगलं असलं तरी, वाढ पन्नासेक पटीच्या घरातच राहते. आणि लोखंडाला मर्यादा आहे, २ टेस्लाच्या आसपास ते भरून जातं, पुढे करंट वाढवून फारसं काही मिळत नाही. हजारपट वाढ हवी तर लोखंडाचं बंद कडं लागतं, ट्रान्सफॉर्मरसारखं.

चौकोनी कॉइल चालेल का?

चालेल. १० सेमी त्रिज्येच्या गोल कॉइलऐवजी २० सेमी बाजूचा चौकोन केला तर मध्यावर १० टक्के कमी मिळतं, कारण कोपरे लांब जातात. लाकडी फ्रेम करायला चौकोनच सोपा.

हेल्महोल्ट्झ कॉइलमध्ये, म्हणजे समोरासमोर ठेवलेल्या दोन सारख्या कॉइलच्या जोडीत, अंतर त्रिज्येएवढंच का ठेवतात?

वरचे अक्षावरचे आकडे ग्राफवर काढा. मध्यापासून अर्ध्या त्रिज्येवर, म्हणजे ५ सेमीवर, वक्राचा बाक बदलतो आणि त्या जागी तो थोडा वेळ सरळ रेषेसारखा उतरतो. दोन कॉइल त्रिज्येएवढ्या अंतरावर समोरासमोर ठेवल्या की मधला बिंदू दोघींपासून अर्ध्या त्रिज्येवर येतो, एकीचा उतार आणि दुसरीचा चढ बरोबर जुळतात आणि मधे सपाट पठार मिळतं. आकडा पण आपल्याकडे आहेच, एकीचं तिथे २२.५, दोघींचं ४५ मायक्रोटेस्ला. आपल्याकडचं पृथ्वीचं एकूण क्षेत्र याच्या थोडंसंच खाली आहे, म्हणजे अशी जोडी नीट दिशेने ठेवली तर एवढ्याशा करंटवर मधल्या जागेत पृथ्वीचं क्षेत्र खोडून टाकता येतं. ग्राफमध्ये बाक बदलणाऱ्या दोन बिंदूंमधलं अंतर मोजलं की कॉइलची त्रिज्या मिळते, व्हायव्हात हे हमखास विचारतात.

मोबाइलने मोजता येईल का?

येतं, आणि छान येतं. फायफॉक्ससारखं ॲप टाका, ते तिन्ही दिशांचं क्षेत्र मायक्रोटेस्लात दाखवतं. आधी मोबाइल जिथे मोजायचंय तिथे ठेवून करंट बंद असताना रीडिंग लिहा, मग जराही न हलवता करंट सोडा आणि वजाबाकी करा. वजाबाकी प्रत्येक दिशेची वेगळी करायची, एकूण आकड्यांची थेट नाही. सेन्सर मोबाइलच्या मध्यावर असेलच असं नाही, म्हणून एक टाचणी मोबाइलवरून फिरवून आकडा कुठे सगळ्यात जास्त उडतो ते बघा. मॅग्नेटवालं कव्हर काढून ठेवा.

कॉइलला घरातल्या सॉकेटचा एसी कधीही लावू नका, ३ ओहमची कॉइल तिथे शॉर्टसर्किटच आहे. आणि ट्रान्सफॉर्मरमधून कमी व्होल्टचा एसी दिला तरी होकायंत्राची सुई हलणार नाही, सेकंदाला १०० वेळा क्षेत्राची दिशा बदलते, तेवढ्यात ती हलू शकत नाही.

मध्य आणि अक्ष सोडून बाकीच्या जागी कसं काढायचं?

तिथे साधा फॉर्म्युला नाही, एलिप्टिक इंटिग्रल लागतात. पण घाबरायचं कारण नाही, बायो-सावर्ट हातात आहे. वेढ्याचे ३६० तुकडे करा, प्रत्येकाचं क्षेत्र एक्स, वाय, झेडमध्ये काढा आणि बेरीज करा. पायथनमध्ये वीसेक ओळी होतात, एक्सेलमध्येही जमतं. सगळ्यात आधी मध्यावर चालवून बघा, ३१.४ यायलाच हवं. मग अक्षावर ५ सेमीला, २२.५ यायला हवं. हे दोन जुळले की मग कॉइलच्या प्रतलातच मध्य आणि तार यांच्या अर्ध्यावर, म्हणजे मध्यापासून ५ सेमी बाजूला, मोजा. बहुतेक मुलं मला आधी सांगतात की तिथे कमी येईल, आणि स्क्रीनवर ३९.१ येतं, मध्यापेक्षा पाव हिस्सा जास्त. तारेकडे जाल तसं ते वाढतच जातं.